गिऱ्हाइकाची शंका आणि चित्रफितीतील दृक्साधने

उत्तम माल पिकविणे ही एक विद्या आहे आणि तो योग्य भावाने योग्य गिऱ्हाइकाच्या हाती पोहोचविणे ही दुसरी. पहिली विद्या शेतकऱ्याला वाडवडिलांकडून मिळाली, पुढे तीत कृषी विद्यापीठांनी व विस्तार यंत्रणेने भर घातली. दुसरी विद्या मात्र पुष्कळ काळ दलालाच्या पेढीवरच राहिली. कोकणातील बागायतदाराने आंबा पेटीत भरून मुंबईस रवाना केला की त्याचे काम संपत असे. पेढीवरून येईल ती पट्टी खरी आणि तीत लिहिलेला भाव अखेरचा, अशीच रीत होती. फळ कोणी खाल्ले, त्याला ते कसे वाटले, पुन्हा हवे आहे काय, यांपैकी काहीही बागेपर्यंत परत येत नसे.

२०१६ साली महाराष्ट्रात फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून वगळण्यात आला आणि थेट विक्रीची वाट रुंदावली. कृषी पणन मंडळाच्या ‘उत्पादक ते ग्राहक’ आंबा महोत्सवांतून अनेक बागायतदार शहरातील गिऱ्हाइकासमोर स्वतः उभे राहू लागले. परंतु या नव्या वाटेवर एक खाच आहे. महोत्सवात गिऱ्हाईक भेटते, फळ हाती घेऊन वास घेते, चार प्रश्न विचारते, भ्रमणध्वनीचा क्रमांक लिहून घेते आणि निघून जाते. त्यानंतर बहुधा काहीच घडत नाही. या मौनाचा अर्थ नकार असा नसतो. त्याचे समाधान अर्धे झालेले असते आणि उरलेली अर्धी शंका मनात घेऊन ते घरी गेलेले असते. ती शंका फेडण्याचे काम पाठपुराव्याचे होय, आणि हल्ली हा पाठपुरावा भ्रमणध्वनीवरून पाठविलेल्या लहान चित्रफितीने होतो.

चित्रफीत जाते, उत्तर जात नाही

बागायतदारांकडून जाणाऱ्या अशा चित्रफिती पाहिल्या, तर त्यांत एक ठरावीक साचा आढळतो. आकाशातून टिपलेली बाग, मागे एखादे गाजलेले गाणे, पिवळ्याधमक आंब्यांची रास, रंगीत अक्षरांत ‘अस्सल हापूस’ ही ग्वाही आणि शेवटी भाव व दूरध्वनी क्रमांक. पाहावयास हे सारे सुखावह असते, पण ज्या गृहिणीने महोत्सवात ‘मागच्या वर्षी दुसरीकडून घेतलेल्या डझनातले चार आंबे आतून खराब निघाले, तुमचे तसे निघणार नाहीत कशावरून?’ असे विचारले होते, तिच्या प्रश्नाला त्या बागेच्या दृश्यात उत्तर नसते. अशीच चित्रफीत तिला आणखी दहा विक्रेत्यांकडून आलेली असते. त्यांत खरा बागायतदार कोणता आणि परप्रांतीचा आंबा हापूसच्या पेटीत भरणारा कोणता, हे ओळखण्यास तिच्यापाशी काही साधन नसते. मग ती जवळच्या फळवाल्याकडे जाते, कारण तेथे निदान फळ दाबून तरी पाहता येते.

म्हणून पाठपुराव्याच्या चित्रफितीत दृक्साधने वापरावीत हे खरे. पण गिऱ्हाइकाने विचारलेल्या शंकेला उत्तर देणारे, आणि शक्य तेथे त्याला स्वतःच्या घरी पडताळून पाहता येईल असेच साधन तीत असावे. जे साधन शंकेशी संबंधित नाही ते निरुपयोगी आहे, एवढेच नव्हे तर ते विश्वासाला बाधक ठरते. कारण शोभा जितकी अधिक तितकी ‘हे काय झाकीत असतील?’ ही भावना बळावते. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण शहरातील गिऱ्हाइकालाही चांगली ठाऊक आहे.

विस्तार कार्याचा जुना अनुभव

हा विचार काही नवा नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि पुढील वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवेची त्यास जोड मिळाली, तेव्हापासून दृक्साधने ही ग्रामसेवकाच्या शिदोरीतील महत्त्वाची वस्तू होती. भित्तिपत्रके, फ्लॅनेलचे फलक, चित्रपट्ट्या, जीपगाडीतून गावोगाव नेला जाणारा प्रक्षेपक यांनी त्या काळी मोठे काम केले. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली दूरदर्शनवर ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. २००६ साली बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन संस्थेत ‘डिजिटल ग्रीन’ हा प्रयोग सुरू झाला. त्यात गावच्याच शेतकऱ्यांवर चित्रफिती तयार करण्यात येत आणि त्या दाखविताना गावातीलच एक माणूस मध्ये मध्ये चित्रफीत थांबवून लोकांस प्रश्न विचारीत असे.

या साऱ्या प्रवासातून जे शिक्षण मिळाले, ते दोन वाक्यांत सांगता येईल. चित्र पाहणाऱ्याच्या प्रश्नाशी जुळलेले असेल तरच ते मनात राहते. आणि चित्रातील वस्तूचे खरे माप कळले नाही, तर चित्र दिशाभूल करते. विस्तार प्रशिक्षणाच्या वर्गांत सांगितली जाणारी एक कथा या दुसऱ्या मुद्द्यापुरती बोलकी आहे. पडद्यावर हातभर लांबीचा डास दाखवून हिवतापाची माहिती दिल्यावर गावकरी म्हणाले, ‘आमच्याकडे एवढे मोठे डास नाहीत, तेव्हा आम्हांस भय नाही.’ कथा खरी असो वा रचलेली असो, तिच्यातील गावकऱ्याची चूक नव्हती. मापाची खूण न ठेवता चित्र मोठे करणाऱ्याची ती चूक होती. टोपलीतील आंब्याचे अगदी जवळून घेतलेले चित्र पाहून शहरातील गिऱ्हाईक आज त्याच प्रकारे फसते, आणि पेटी उघडल्यावर रागावते.

येथे आणखी एक सावधगिरी सांगणे इष्ट आहे. माणूस वाचलेले इतके टक्के, ऐकलेले इतके टक्के आणि पाहिलेले इतके टक्के लक्षात ठेवतो, असा एक तक्ता प्रशिक्षण वर्गांतून सर्रास फिरतो व त्यास एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचे नाव जोडले जाते. डेल यांनी १९४६ साली मांडलेल्या ‘अनुभवाच्या शंकू’त असे टक्के मुळीच नाहीत, ते नंतर कोणीतरी जोडले. दृक्साधनांचे समर्थन करण्यास अशा आकड्यांच्या कुबड्यांची गरज नाही. काट्यावर ठेवलेले फळ पाहणाऱ्याला पटते, यास दुसरा पुरावा कशाला?

पाच शंका आणि त्यांची साधने

हापूस घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या शंका मोजक्या असतात. त्या एकेक घेऊन पाहिल्या म्हणजे कोणत्या शंकेस कोणते साधन लागते हे आपोआप स्पष्ट होते.

पहिली शंका मुलुखाची. हे फळ खरोखर कोकणातले आहे काय? २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांचा समावेश आहे. तथापि जिल्ह्यात बाग असली म्हणजे मानांकनाचे चिन्ह लावण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. त्यासाठी बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ज्याने ती केली आहे त्याने प्रमाणपत्र, पेटीवरील नोंदणीक्रमांक आणि बागेतील झाड ही तिन्ही एकाच सलग दृश्यात दाखवावीत. ज्याने ती केली नाही त्याने चिन्ह लावू नये. पुठ्ठ्यावर हाताने काढलेला साधा नकाशा ठेवून त्यावर गाव, तालुका आणि गावाकडे जाणारा रस्ता बोटाने दाखविला तरी पुष्कळ काम होते. गाव सांगणारा माणूस लपत नाही, हे गिऱ्हाइकाला कळते.

दुसरी शंका आकाराची. ‘मोठा’, ‘मध्यम’, ‘लहान’ या शब्दांना विक्रेत्यागणिक वेगळा अर्थ असतो. हापूसचे फळ साधारणतः दोनशे ते तीनशे ग्रॅमचे असते आणि या शंभर ग्रॅमांतच साऱ्या भांडणाचे मूळ असते. उदाहरणादाखल डझनाचा भाव १,००० रुपये धरला आणि प्रत्येक फळ २५० ग्रॅमचे असले, तर डझन ३ किलो भरते व किलोस सुमारे ३३३ रुपये पडतात. तेच फळ २०० ग्रॅमचे असले, तर डझन २ किलो ४०० ग्रॅम भरते आणि किलोस सुमारे ४१७ रुपये होतात. भाव तोच, डझनही तोच, पण किलोमागे ८० रुपयांहून अधिक तफावत. तेव्हा चित्रफितीत आधी रिकामा काटा शून्यावर दाखवावा, मग बारा फळे मोजून ठेवावीत आणि काट्याचा आकडा स्थिर होईपर्यंत दृश्य हलवू नये. फळाशेजारी शाळकरी मुलाची फूटपट्टी ठेवावी. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. पिकताना फळातील पाणी काही प्रमाणात उडून जाते, म्हणून तोडणीच्या दिवशीचे वजन आणि पिकल्यानंतरचे वजन सारखे राहत नाही. ही गोष्ट आधी सांगितली तर ती माहिती ठरते, आणि गिऱ्हाइकाने घरच्या काट्यावर तोलल्यानंतर सांगितली तर ती सबब ठरते.

तिसरी शंका पिकविण्याची. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास अन्नसुरक्षा व मानके विनियम, २०११ अन्वये मनाई आहे. इथिलीन वायूचा उपयोग दशलक्ष भागांत शंभर भागांपर्यंत करण्यास मुभा आहे. गिऱ्हाईक या दोहोंत सहसा भेद करीत नाही. त्याच्या लेखी दोन्ही ‘पावडरीचा आंबा’च. म्हणून ज्याने भाताच्या पेंढ्यात आढी घालून फळ पिकविले त्याने ती आढी दाखवावी, आणि ज्याने इथिलीनच्या खोलीत पिकविले त्याने ती खोली दाखवून तसे स्पष्ट सांगावे. आढीसाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पाटी आणि खडू. पहिल्या दिवशी पाटीवर तारीख लिहून ती आढीशेजारी ठेवावी व दृश्य टिपावे. नंतर दर दोन-तीन दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच उजेडात, नवी तारीख लिहून पुन्हा टिपावे. हिरवे फळ हळूहळू केशरी पिवळे होत जाते हे चार दृश्यांत कळते. भ्रमणध्वनीचा कॅमेरा रंग आपल्या मर्जीने बदलतो हे मात्र ध्यानात ठेवावे. फळाखाली धुतलेला पांढरा पंचा अंथरला म्हणजे पाहणाऱ्याला तुलनेसाठी पांढरा रंग मिळतो, आणि रंग खोटा वाढविलेला असेल तर पंचाच ते सांगून टाकतो. असे चित्रण सकाळच्या सावलीत करावे. पिवळ्या दिव्याखाली कोणतेही कच्चे फळ पिकलेले दिसते.

चौथी शंका साक्याची, आणि तीच सर्वांत अवघड. साका हा हापूसचा जुना वैरी. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आतील गर पांढुरका, स्पंजासारखा व आंबट निघतो. झाडावर अधिक पिकू दिलेल्या आणि तोडणीनंतर तापल्या जमिनीवर उन्हात राहिलेल्या फळांत त्याचे प्रमाण वाढते, म्हणून चौदा आणे तयार झालेले फळ देठासह झेल्याने उतरवून लगेच सावलीत न्यावे, ही शिफारस बागायतदारांच्या परिचयाची आहे. येथे चित्रफितीने काय सिद्ध होते आणि काय होत नाही याचा विवेक हवा. एक फळ कापून त्याचा सुरेख केशरी गर दाखविला, तर त्याने त्या एका फळाचीच साक्ष मिळते. पेटीतील उरलेल्या अकरांची नाही. बादलीभर पाण्यात फळ सोडून दाखविणे ही पक्वतेची जुनी पारख आहे. तयार फळ तळाशी जाते, कोवळे तरंगते. पण बुडालेल्या फळात साका नाहीच, असे त्यावरून सांगता येत नाही, आणि तसा दावा करणारा विक्रेता पहिल्याच खराब फळाला खोटा ठरतो.

मग या शंकेस उत्तर कोणते? साका झालेले फळ आणि चांगले फळ, दोन्हींच्या अर्ध्या फोडी पांढऱ्या ताटात शेजारी शेजारी ठेवून दाखवाव्यात. साका म्हणजे काय, तो का होतो, तो टाळण्यासाठी झेल्याने तोडणी कशी होते व फळ सावलीत कसे ठेवले जाते हे दाखवावे. आणि शेवटी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहावे की पेटीत असे फळ निघाल्यास कापलेल्या फोडीचे छायाचित्र पाठवावे, त्या फळाची भरपाई होईल. निसर्गाच्या दोषावर माणसाच्या वचनाचाच उतारा असतो. ही पाटी सर्वांत महत्त्वाचे दृक्साधन होय, कारण तीवर लिहिलेले वचन गिऱ्हाइकापाशी पुराव्यादाखल राहते. अर्थात जे वचन पाळावयाचे नाही ते पाटीवर लिहू नये.

पाचवी शंका वेळेची व साठवणीची. फळ कधी पोहोचेल, कच्चे असेल की तयार, किती दिवस राहील? यासाठी तीन फळे पुरेत. एक हिरवे, एक अर्धवट रंगलेले आणि एक पूर्ण पिकलेले, आणि प्रत्येकासमोर ‘पोहोचल्यावर असे दिसेल’, ‘काही दिवसांनी असे’, ‘खाण्यास तयार झाल्यावर असे’ अशी चिठ्ठी. पेटी आल्याबरोबर उघडावी, फळे मोकळी पसरावीत, कच्चे फळ शीतकपाटात ठेवू नये, सुवास सुटला आणि साल किंचित सुरकुतली म्हणजे खाण्यास घ्यावे, हे हातांनी करून दाखवावे. कित्येक तक्रारी फळाच्या दोषामुळे होत नसून बंद पेटीत घुसमटलेल्या फळामुळे होतात.

चित्रफितीचे अंग

या पाच शंका एकाच चित्रफितीत कोंबू नयेत. एका शंकेस एक चित्रफीत, आणि ती एक-दीड मिनिटाहून मोठी नसावी, हे पथ्य ठेवावे. गिऱ्हाइकाने जे विचारले असेल तेवढेच पाठवावे. म्हणूनच पहिल्या भेटीत क्रमांकाबरोबर शंकाही वहीत टिपून ठेवणे हे पाठपुराव्याचे पहिले काम ठरते. ज्याच्या वहीत फक्त क्रमांक आहेत, तो सर्वांस एकच चित्रफीत पाठविणार आणि कोणाचेच समाधान करणार नाही.

पाटीवरील अक्षरे मोठी व थोडी असावीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविताना चित्र आपोआप दाबले जाते आणि बारीक अक्षरे पुसट होतात. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून चित्रफीत पाहतात, तेव्हा जे बोलले जाते त्याचा सारांश पाटीवर दिसला पाहिजे. मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी हिंदी वा गुजराती दोन ओळी लिहिण्यास हरकत नाही. पार्श्वसंगीत अजिबात नसावे. काट्याजवळ उभ्या असलेल्या बागायतदाराचा स्वतःचा आवाज, मग तो मालवणीत बोलो की रत्नागिरीच्या बोलीत, कोणत्याही गाण्याहून अधिक विश्वसनीय असतो.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, दोष दाखविल्याने गिऱ्हाईक बिचकेल. ज्याने कधीच हापूस खाल्लेला नाही असे एखादे गिऱ्हाईक कदाचित बिचकेलही. पण जे गिऱ्हाईक दरवर्षी घेते, त्याला साका ठाऊक असतो. त्याच्यापासून तो लपविणे म्हणजे त्याला अडाणी समजणे होय. उलट दोषाचे नाव आपणहून घेणारा विक्रेता त्याला विरळा वाटतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. ऐन हंगामात तोडणी, प्रतवारी, आढी, पेट्या भरणे यांतून बागायतदाराला उसंत मिळत नाही, मग चित्रफिती काढणार कोण? हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर असे की साका, साठवण आणि मुलूख यांविषयीच्या चित्रफिती हंगामाच्या प्रारंभी एकदाच काढून ठेवता येतात. आढीची दृश्ये आढी घालता-घालता टिपून होतात. प्रत्येक मागणीबरोबर नव्याने काढावयाची ती फक्त वजनाची आणि तारखेची. तिला पेटी भरताना दोन मिनिटे लागतात. काटा, पाटी, फूटपट्टी, पांढरा पंचा, सुरी आणि बादली एवढीच सामग्री लागते आणि ती बहुतेक घरांत असतेच. शेतकरी गटाने वा महिला बचत गटाने हे काम एका व्यक्तीकडे सोपविले, तर साऱ्या वाडीची सोय होईल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने, जी बाग अस्तित्वातच नाही तिची चित्रफीत घरबसल्या तयार करता येते. मग चित्रफितीवर विश्वास कोणी का ठेवावा? या आक्षेपाने शोभेच्या चित्रफितींचे मूल्य जवळजवळ शून्यावर आणले आहे, यात शंका नाही. परंतु मोजमापाच्या चित्रफितीस त्यातून मार्ग आहे. पाटीवर आजच्या तारखेबरोबर गिऱ्हाइकाने आज विचारलेला प्रश्न लिहावा, दृश्य कोठेही न तोडता एकसलग टिपावे, आणि जे दाखविले ते पेटी उघडल्यावर काट्यावर व सुरीने पडताळता येईल असे असावे. खोटी चित्रफीत पडद्यावर जिंकू शकेल, पण गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरातील काट्यावर जिंकू शकणार नाही. विश्वास अखेरीस तेथेच ठरतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

विक्रीच्या चित्रफिती हे विस्तार कार्यकर्त्याचे काम नव्हे, त्याने पीक, कीड आणि खते पाहावीत, असे मत कित्येकदा ऐकू येते. ते मान्य करणे कठीण आहे. चौदा आणे पक्वतेची शिफारस बागायतदार मनापासून पाळील केव्हा, तर ती पाळल्याचा मोबदला त्याला गिऱ्हाइकाकडून मिळेल तेव्हा. दलालाच्या पट्टीत झेल्याने उतरविलेल्या आणि झोडपून पाडलेल्या फळाचा भेद नेहमी दिसेलच असे नाही. पण ज्या गिऱ्हाइकाने झेला पाहिला आहे, साका म्हणजे काय ते समजून घेतले आहे आणि ज्याच्या हातात भरपाईचे वचन आहे, ते गिऱ्हाईक हा भेद जाणते आणि त्याचे दोन पैसे अधिक देते. याचाच अर्थ असा की चांगली विक्री हा चांगल्या मशागतीचा आधार आहे.

कार्यकर्त्याने चित्रपट दिग्दर्शक होण्याची गरज नाही. आपल्या कार्यक्षेत्रातील एका वाडीत पाच-सहा बागायतदारांस एकत्र बसवावे आणि गेल्या हंगामात गिऱ्हाइकांनी काय काय विचारले ते त्यांच्याकडूनच वदवून फळ्यावर लिहावे. मग प्रत्येक प्रश्नासमोर, त्याचे उत्तर डोळ्यांना कोणत्या वस्तूने दिसेल, ते त्यांनाच ठरवू द्यावे. अशा बैठकीत कार्यकर्त्याने जपावयाची गोष्ट एकच: साधन जेवढे सिद्ध करते त्याहून अधिक दावा कोणी करू नये. हा संयम शिकविणे हेच त्याचे खरे काम.

हीच रीत इतर मालासही लागू आहे. तांदूळ विकणाऱ्याने मूठभर दाणे काळ्या कापडावर पसरून अख्खे आणि तुटके वेगळे करून दाखवावेत. गूळ विकणाऱ्याने काचेच्या पेल्यातील पाण्यात खडा विरघळवून तळाशी काय बसते ते दाखवावे. कांदा विकणाऱ्याने फूटपट्टीवर आकार आणि कापून मान सुकल्याची खूण दाखवावी. माल बदलला की शंका बदलते, शंका बदलली की साधन बदलते. क्रम मात्र तोच राहतो. आधी गिऱ्हाइकाचा प्रश्न, मग वस्तू, मग माप, आणि शेवटी वचन.

मोठ्या व्यापाऱ्याला एखादे गिऱ्हाईक तुटल्याचे फारसे सोयरसुतक नसते. दीड-दोनशे कलमांच्या बागायतदाराची गोष्ट वेगळी आहे. त्याचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. अवेळीचा पाऊस, तुडतुडे, फळगळ यांतून जे वाचते तेवढेच त्याचे. महोत्सवात भेटलेल्या शंभर जणांपैकी वीस कुटुंबे दरवर्षीची गिऱ्हाईक झाली, तर त्याचा बराचसा माल तोडणीआधीच ठरून जातो आणि पट्टीची वाट पाहत बसण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. आणि त्याच वाडीतील एकाने चित्रफितीत दाखविले एक व पेटीत भरले दुसरे, तर तोटा त्याच्या एकट्याचा राहत नाही. गावाचे नाव घेताच लोक मान फिरवू लागतात. म्हणून येत्या हंगामाचा मोहोर दिसू लागण्यापूर्वीच प्रत्येक बागायतदाराने गेल्या वर्षीची वही काढावी, क्रमांकासमोर शंका लिहावी, काटा तपासून घ्यावा आणि पाटी धुऊन ठेवावी.